शेतातले खत जलाशयात जाण्याआधी: पाणलोट क्षेत्रात पर्यावरणीय उपाय कसे योजावेत

कारखान्याच्या सांडपाण्याला एक तोंड असते. तेथे पहारा ठेवता येतो, मोजमाप करता येते आणि दोष कोणाचा हेही ठरवता येते. शेतीतून जलाशयात येणाऱ्या प्रदूषणाला असे तोंड नसते. पावसाचे पाणी असंख्य बांधांवरून, ओघळींतून, चरांतून आणि जमिनीखालच्या पाझरातून जलाशयाकडे निघते आणि वाटेत सापडलेली माती, खत, शेण व कीटकनाशके बरोबर नेते. पाणी हिरवे पडल्यावर काठावरून केलेले उपाय, मग ते औषध टाकणे असो की शेवाळ काढणे, दर हंगामात पुन्हा करावे लागतात. टिकाऊ काम वर, पाणलोटातच, म्हणजे ज्या परिसराचे पाणी जलाशयात उतरते तेथेच होते. त्यासाठी पुढचा क्रम पाळावा: कोणता घटक कोणत्या वाटेने येतो ते आधी शोधावे, मग उगमावर त्याचा पुरवठा कमी करावा, त्यानंतर वाटेत अडथळे उभारावेत आणि पाणथळीसारखे उपाय सर्वांत शेवटी हाती घ्यावेत. हा क्रम उलटा करण्याचा मोह मोठा असतो, कारण पाणथळीचे उद्घाटन करता येते. कमी टाकलेल्या खताचे करता येत नाही.

स्फुरद मातीबरोबर, नायट्रेट पाण्याबरोबर

गोड्या पाण्यातील शेवाळाच्या वाढीमागे मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस) आणि नत्र (नायट्रोजन) ही दोन पोषकद्रव्ये असतात, आणि त्यांपैकी स्फुरद बहुधा निर्णायक ठरते. कॅनडातील ओंटारियो प्रांतात १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका लहान तलावाच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले, स्फुरद मात्र एकाच भागात. स्फुरद मिळालेला भाग नील-हरित शेवाळाने भरून गेला. दुसऱ्या भागात तसे काही घडले नाही. नील-हरित शेवाळाच्या काही जाती हवेतील नत्र स्वतःच मिळवतात, त्यामुळे केवळ नत्र तोडून त्यांना आवरणे कठीण असते. तरीही नत्राकडे दुर्लक्ष करून चालत नाही. नायट्रेट हे नत्राचे पाण्यात विरघळणारे रूप. पिण्याच्या पाण्यातले जादा नायट्रेट अर्भकांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवते आणि म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम ठेवली आहे.

जलाशय बिघडण्यास स्फुरद फार थोडे लागते. एकूण स्फुरद लिटरला सुमारे ३५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले की जलाशय अतिपोषित समजला जातो. या हिशेबाने एक किलो स्फुरद पावणेतीन कोटी लिटरहून अधिक पाणी या पातळीला आणून ठेवू शकते. एकरांनी शेती करणाऱ्याला एक किलोचा तोटा जाणवतही नाही, आणि खत वाया जाते एवढे सांगून शेतकऱ्याचे मन वळवू पाहणारे सल्लागार येथेच फसतात. त्याचे नुकसान खरोखरच किरकोळ असते. मोठे नुकसान खाली पाणी पिणाऱ्यांचे असते. पैशाचा प्रश्न म्हणूनच पुढे टाळता येत नाही.

स्फुरद मातीच्या बारीक कणांना घट्ट धरून राहते, त्यामुळे धूप थांबवली की त्याचा मोठा वाटा थांबतो. ज्या जमिनीत वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त स्फुरद साचले आहे, तेथून मात्र ते पाण्यात विरघळूनही जाते आणि पाणी दिसायला स्वच्छ असले तरी त्यात भरपूर स्फुरद असू शकते. नायट्रेटचा स्वभाव याच्या उलट आहे. ते मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरते आणि भूजलातून किंवा जमिनीत पुरलेल्या निचरा नळांतून ओढ्यात येते. म्हणून पृष्ठभागावरचा गाळ उत्तम अडवणारा गवताचा पट्टा, त्याच्याखालून निचरा नळ जात असेल, तर नायट्रेटबाबत काहीही करू शकत नाही. कीटकनाशकांतही असेच दोन गट पडतात: काही मातीला चिकटतात, काही पाण्यात विरघळतात. शेणातील रोगजंतू मुख्यतः पृष्ठभागावरून येतात.

वाट पायाखाली घालणे

पाणलोटातील प्रत्येक शेत सारखे प्रदूषण करत नाही. जेथे स्फुरदाचा साठाही मोठा आहे आणि पाणी वेगाने ओढ्यापर्यंत पोहोचण्याची सोयही आहे, अशा मोजक्या जागांतून बहुतेक भार येतो. भरपूर खत घातलेले पण ओढ्यापासून दूर, सपाट असलेले शेत तितके घातक नसते; कमी खताचे पण ओढ्याला भिडलेले तीव्र उताराचे शेत अधिक घातक ठरू शकते. या जागा ओळखण्यासाठी उताराच्या नकाशावर मातीचा प्रकार, पिके, गोठे, उकिरडे, रस्त्याकडेचे चर आणि निचरा नळांची तोंडे मांडावीत, आणि मग तो नकाशा घेऊन मोठ्या पावसात प्रत्यक्ष फिरावे. नकाशावर न दिसणाऱ्या गोष्टी पावसात दिसतात: गाडीवाटेच्या चाकोरीतून थेट ओढ्यात उतरणारा लोंढा, शेताच्या एका कोपऱ्यात फुटलेला बांध, गोठ्याच्या छपराचे पाणी अंगणातले शेण धुऊन नेताना. सुरक्षिततेसाठी दोघांनी मिळून जावे आणि भरलेला ओढा ओलांडू नये.

पाण्याचे नमुनेही पावसातच घ्यावे लागतात. समजा, कोरड्या दिवशी ओढ्यातून सेकंदाला ५ लिटर पाणी वाहते आणि त्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम स्फुरद आहे. दिवसाचा भार सुमारे ४३ ग्रॅम होतो. मोठ्या पावसात तोच ओढा सेकंदाला २०० लिटर वाहतो आणि गढूळ पाण्यात लिटरला ०.५ मिलिग्रॅम स्फुरद असते. हा प्रवाह दिवसभर टिकला तर भार ८.६ किलोवर जातो, म्हणजे दोनशे पट. महिन्याच्या ठरावीक तारखेला, बहुतेकदा कोरड्या हवेत, बाटली भरून आणणारी तपासणी हा सगळा प्रकार नजरेआड करते. प्रवाहाचे मोजमाप नसेल तर नुसत्या तीव्रतेचे आकडे फारसे काही सांगत नाहीत.

उगमावरची काटकसर

पहिले काम मातीपरीक्षण. स्फुरद पुरेसे किंवा जादा असलेल्या शेतात ते टाकणे थांबवल्याने उत्पादन लगेच घटत नाही, कारण पीक मातीतल्या साठ्यावर वाढते. आणि हा साठा उतरायला अनेक वर्षे लागतात. सेंद्रिय खताबाबत एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे, तो म्हणजे शेणखत किंवा कोंबडीखत कितीही घातले तरी अपाय होत नाही. पिकाला नत्र स्फुरदाच्या कितीतरी पट लागते, पण या खतांत नत्राच्या मानाने स्फुरद पुष्कळ असते. नत्राची पूर्ण गरज शेणखतातून भागवायची ठरवली तर स्फुरद बहुधा गरजेच्या दुप्पट-तिप्पट पडते. त्यामुळे अशा खताची मात्रा स्फुरदाच्या हिशेबाने ठरवावी आणि उरलेले नत्र कडधान्यांच्या फेरपालटातून, हिरवळीच्या खतातून किंवा हप्त्याहप्त्याने दिलेल्या नत्रखतातून भागवावे.

वेळ आणि जागा यांचे महत्त्व मात्रेइतकेच आहे. जोराच्या पावसाचा अंदाज असताना, माती पाण्याने भरलेली असताना किंवा गोठलेली असताना खत टाकू नये. शक्य तेथे ते पृष्ठभागावर न फेकता मातीत काही सेंटिमीटर खोल पेरून द्यावे. उत्तर अमेरिकेतील एरी सरोवराच्या पश्चिम भागाचा अनुभव येथे बोलका आहे. त्याच्या पाणलोटात शेतकऱ्यांनी विनानांगरट शेती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली आणि धूप कमी झाली, परंतु १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विरघळलेल्या स्फुरदाचा भार वाढत गेला. त्याची कारणे एकाहून अधिक असली, तरी न नांगरलेल्या जमिनीच्या वरच्या थरात साचत गेलेले खत आणि निचरा नळ यांचा त्यात वाटा आहे, असे अभ्यासक मानतात. ऑगस्ट २०१४ मध्ये या सरोवरातील नील-हरित शेवाळाचे विष टोलेडो शहराच्या नळाच्या पाण्यात आढळले आणि चार लाखांहून अधिक लोकांना सुमारे तीन दिवस ते पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. विनानांगरट शेती त्यामुळे चुकीची ठरत नाही. तिच्याबरोबर खत पृष्ठभागावर न फेकता मातीत पेरून देण्याची पद्धतही स्वीकारायला हवी होती, एवढेच.

दोन पिकांच्या मधला मोकळा काळ हे दुसरे भगदाड आहे. पीक निघाल्यावर मातीत उरलेले नायट्रेट पहिल्या भरपूर पावसात खाली उतरते आणि उघड्या मातीवर पडणारे थेंब कण सुटे करतात. या काळात राय, ओट किंवा तत्सम गवतवर्गीय आच्छादन पीक घेतल्यास त्याची मुळे नायट्रेट धरून ठेवतात. कीटकनाशकांबाबत वाटेत अडवण्यापेक्षा वापरच कमी करणे स्वस्त पडते: किडीची प्रत्यक्ष मोजणी करून फवारणी ठरवावी, बांधावर मित्रकीटकांसाठी फुलझाडांच्या व गवताच्या पट्ट्या राखाव्यात आणि फवारणी पंप ओढ्यावर किंवा विहिरीशेजारी कधीही धुऊ नये.

उतारावर पाण्याचा वेग मोडणे

उतारावरून पाणी जितके लांब विनाअडथळा वाहते तितका त्याचा वेग आणि मातीची हानी वाढते. समपातळीत पेरणी, दोन पिकांचे आडवे पट्टे, मजगी (उतारावरची पायऱ्यांची शेते) किंवा समपातळी बांध ही सर्वपरिचित साधने आहेत, त्यामुळे त्यांच्या तपशिलात शिरत नाही. शेताच्या पोटात राखलेल्या बहुवर्षायू वनस्पतींच्या पट्ट्यांचा मात्र स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेतील आयोवा राज्यात २००७ पासून चाललेल्या प्रयोगांत, मका-सोयाबीनच्या लहान पाणलोटांतील सुमारे १० टक्के क्षेत्र स्थानिक माळरानाच्या गवत-फुलझाडांच्या पट्ट्यांना दिले गेले. वाहून जाणारे पाणी ३७ टक्क्यांनी घटले, शेतात टिकलेली माती सुमारे वीसपट झाली आणि टिकलेले स्फुरद चौपटीहून अधिक झाले. एक दशांश जमिनीच्या बदल्यात एवढा लाभ देणारे दुसरे साधन सहजी सापडत नाही, मात्र पट्टे पाण्याच्या वाटेला आडवे पडले पाहिजेत. मालकीच्या हद्दीची रेघ सोयीची म्हणून तिच्यावर पट्टा आखला तर हा हिशेब लागू होत नाही.

ओढ्याकाठचा पट्टा

ओढ्याच्या दोन्ही काठांना गवत, झुडपे आणि झाडे यांचा पट्टा राखणे हा सर्वांत परिचित उपाय आहे, आणि सर्वांत जास्त फसणाराही तोच आहे. मंद उतारावर पाच ते दहा मीटरचे दाट गवत भरड गाळाचा बराचसा भाग अडवते. चिकणमातीचे बारीक कण आणि विरघळलेले पदार्थ थांबवायला याच्या दुप्पट-तिप्पट रुंदी लागते. शेताच्या बाजूला ताठ, दाट खोडांचे गवत, मधे झुडपे आणि पाण्यालगत खोल मुळांची झाडे असा क्रम ठेवावा. झाडांची मुळे काठ धरून ठेवतात, सावलीने ओढ्यातील शेवाळही कमी वाढते.

फसगत कशी होते ते पावसानंतर पट्ट्याच्या वरच्या कडेने चालत गेल्यास दिसते. गवताने अडवलेला गाळ त्या कडेशीच थराथराने साचतो आणि दोन-तीन हंगामांत तेथे बोटभर, मग वीतभर उंचीचा वरंबा तयार होतो. पाणी आता गवतात शिरत नाही. वरंब्याला लागून आडवे धावते आणि सखल जागा सापडताच एकाच ठिकाणी पट्टा फोडून ओढ्यात उतरते. त्या ठिकाणचे गवत उताराच्या दिशेने आडवे झोपलेले असते, मुळे उघडी पडलेली असतात आणि खाली ओढ्याच्या पात्रात ताज्या मातीचा पंखा पसरलेला असतो. बाकीचा शंभर मीटर पट्टा हिरवागार आणि कोरडाठाक. कागदोपत्री पट्टा आहे, परिणाम शून्य.

म्हणून वरंबा वेळोवेळी खरवडून ती माती शेतात परत पसरावी. ज्या ठिकाणी पाणी स्वाभाविकपणे एकवटते तेथे दाट गवताची रुंद, उथळ वाट आखावी आणि तिच्या शेवटी, पट्ट्याच्या वरच्या कडेला, अगदी समपातळीत खडीने भरलेला उथळ चर द्यावा, म्हणजे पाणी त्याच्या काठावरून सारखे पसरून गवतात शिरते. वाळ्यासारख्या ताठ गवताची एक ओळ वरच्या कडेला दाट लावल्यासही पाणी तुंबून पसरते. पट्ट्यातील गवत वर्षातून एक-दोनदा कापून बाहेर न्यावे. ते तेथेच कुजू दिले तर अडवलेले स्फुरद हळूहळू विरघळून सुटू लागते, आणि काही वर्षांनी पट्टाच त्याचा उगम होतो.

नायट्रेटसाठी लाकडाच्या तुकड्यांचा चर

निचरा नळांतून येणारे नायट्रेट जिवाणूंकडूनच नाहीसे करून घ्यावे लागते. प्राणवायू नसलेल्या जागी, खायला कार्बन असेल तर, काही जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपात हवेत सोडतात. या क्रियेसाठी नळाचे पाणी ओढ्यात सोडण्याआधी लाकडाच्या तुकड्यांनी भरलेल्या, वरून मातीने झाकलेल्या चरातून न्यावे. भुसा वापरू नये, तो दाबून बसतो आणि पाणी अडते. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे योग्य. चराच्या दोन्ही टोकांना फळ्या खालीवर करता येतील अशा पेट्या बसवून पाण्याची पातळी राखता येते. मोठ्या पुराचे पाणी चराला वळसा घालून थेट जाईल अशी सोय हवी, नाहीतर शेतात पाणी तुंबेल.

पाणी चरात काही तास राहिले पाहिजे. ते फार लवकर सुटले तर क्रिया अर्धवट राहून नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढीस हातभार लावणारा वायू सुटतो. फार वेळ राहिले तर नायट्रेट संपते, जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि पेटीचे झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा वास येतो. असा वास आला की शेवटच्या पेटीतली एखादी फळी काढून पाणी थोडे लवकर सोडावे. नव्या चरातून सुरुवातीला चहासारख्या रंगाचे पाणी येते. ते लाकडातील द्रव्यांमुळे असते आणि हळूहळू थांबते. तुकडे दहा-पंधरा वर्षे टिकतात. थंडीत क्रिया मंदावते, हे गृहीत धरूनच आकार ठरवावा. चर खोदण्याइतकी जागा नसल्यास, नळाचे पाणी ओढ्याकाठच्या पट्ट्यात आडव्या सच्छिद्र नळीने पसरवून तेथील सेंद्रिय मातीतून झिरपू देता येते.

कृत्रिम पाणथळ

उगमावर आणि उतारावर काम झाल्यानंतर उरलेल्या भारासाठी ओढ्याच्या वाटेवर पाणथळ तयार करावी. तिचे क्षेत्र सामान्यतः वरच्या पाणलोटाच्या एक ते पाच टक्के लागते. याहून लहान पाणथळीत मोठ्या पावसाचे पाणी थांबतच नाही. प्रवेशाशी एक खोल गाळकुंड ठेवावे, जेथे भरड गाळ बसेल आणि यंत्राने सहज काढता येईल. त्यापुढे पंधरा ते साठ सेंटिमीटर खोलीचे उथळ भाग, पाणकणीस, बोरू, लव्हाळे यांसारख्या त्या प्रदेशातल्याच वनस्पतींसह ठेवावेत, आणि पाण्याने सरळ वाट धरू नये म्हणून आडवे बांध घालून मार्ग लांबवावा. अस्तित्वात असलेली नैसर्गिक पाणथळ या कामासाठी कधीही वापरू नये. तिची स्वतःची जीवसृष्टी या भाराने बिघडते.

जागा निवडताना एक गोष्ट बहुतेक आराखड्यांत सुटते. जी जमीन पूर्वी भरपूर खत घातलेले शेत होती, तिच्यावर पाणी उभे केले की मातीतील लोहाशी बांधलेले स्फुरद प्राणवायूअभावी सुटते आणि पहिली काही वर्षे पाणथळीत येणाऱ्यापेक्षा जास्त स्फुरद तिच्यातून बाहेर पडू शकते. म्हणून तळाच्या मातीचे परीक्षण करावे आणि आवश्यक तर वरचा थर काढून दूरच्या, स्फुरदाची गरज असलेल्या शेतात पसरावा. पाणथळीत नत्र वायू होऊन जाते. स्फुरदाला अशी सुटका नाही, ते गाळातच राहते. गाळ काढण्याची तरतूद आणि त्याचा खर्च कोणी करायचा, हे बांधकामाआधीच लेखी ठरवावे.

जलाशयाच्या मुखाशी तरंगती वनस्पतीबेटे सोडण्याची अलीकडे आवड दिसते. लहान खाडीसारख्या, संथ भागात त्यांचा थोडा उपयोग होतो. मोठ्या जलाशयात त्यांचा वाटा नगण्य असतो. पोषकद्रव्ये शोषते म्हणून जलपर्णी आणून सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो साफ नाकारावा. ती आटोक्याबाहेर पसरते आणि कुजल्यावर शोषलेले सगळे पाण्याला परत देते.

जनावरे आणि बुडीत क्षेत्राची कड

जनावरे ओढ्यात उतरली की काठ तुडवला जातो आणि शेण थेट पाण्यात पडते. कुंपण घालून पाण्याची हौद-टाकी ओढ्यापासून दूर द्यावी, आणि ओलांडण्यासाठी एकच खडीची वाट ठेवावी. वासरांचे गोठे ओढ्यापासून विशेष लांब असावेत, कारण त्यांच्या शेणातील क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. छपराचे स्वच्छ पाणी पन्हाळीने वेगळे काढले तर शेणाच्या पाण्याचे प्रमाण आपोआप घटते. सगळ्या यादीतला हा कदाचित सर्वांत स्वस्त उपाय असावा. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर होत असेल, तर तेथे रासायनिक खत व कीटकनाशके पूर्णपणे टाळावीत, कारण पुढच्या भरणीत ती जमीनच जलाशयाचा तळ होते.

खर्च कोणी उचलायचा

न्यूयॉर्क शहराचे सुमारे ९० टक्के पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर पाणलोटांतील जलाशयांतून येते. तेथे प्रचंड खर्चाचा गाळणी प्रकल्प उभारण्याऐवजी शहराने पाणलोटात पैसे घातले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांसह कार्यक्रम सुरू झाला आणि १९९७ साली शहर, राज्य, पाणलोटातील गावे आणि इतर संबंधितांत सविस्तर करार झाला. शेतकऱ्याचा सहभाग ऐच्छिक असतो, प्रत्येक शेताची स्वतंत्र योजना होते आणि सुधारणांचा खर्च मुख्यतः शहर देते. पाणी पिणारा पैसे देतो आणि जमीन कसणारा काम करतो, ही विभागणी मला न्याय्य वाटते. पैसे देताना मात्र नुसत्या पट्ट्याच्या लांबीवर देऊ नयेत. पाहणीत पट्टा फुटलेला नाही हे दिसल्यावर द्यावेत.

मोजणी आणि धीर

काम सुरू करण्यापूर्वी किमान एका पावसाळी हंगामाचे मोजमाप हाती असावे. दोन सारखे उपपाणलोट निवडून एकात उपाय करावेत आणि दुसरा तसाच ठेवावा, म्हणजे पाऊस कमी-जास्त झाल्याचा परिणाम वेगळा काढता येतो. जलाशयात वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली नोंदवणे हे साधे, पण वर्षानुवर्षे तुलना करता येणारे मोजमाप आहे. गाळ एक-दोन हंगामांत कमी झालेला दिसतो. भूजलातून येणारे नायट्रेट घटायला अनेक वर्षे, काही ठिकाणी दशकेही लागतात, हे निधी देणाऱ्यांना पहिल्याच बैठकीत सांगावे.

ओढ्यांतून येणारे स्फुरद खरोखर घटले असूनही जलाशय उन्हाळ्यात हिरवाच राहिला, तर वरचे उपाय मोडीत काढण्याआधी तळाजवळच्या पाण्यातील प्राणवायू मोजावा. तेथे तो संपलेला असेल, तर जुन्या गाळातून साठलेले स्फुरद वर येत आहे, आणि तळाला हवा देणे किंवा गाळ काढणे हे वेगळे काम हाती घ्यावे लागेल. ते पाणलोटातला भार उतरल्यानंतरच करावे, कारण वरून भरणा चालू असताना स्वच्छ केलेला तळ पुन्हा भरतो.